उपवास आणि देहाचा भार

अन्नाचा तुटवडा हें मानवजातीचें जुनें दुःख. अन्नाची अतिरिक्तता हें तिचें नवें दुःख होय. ज्या देशांत दुष्काळाच्या कथा अद्याप वृद्धांच्या बोलण्यांत येतात, त्याच देशाच्या नगरांतून आज मध्यमवर्गीय कुटुंबें वजनाच्या काट्याकडे धास्तीनें पाहूं लागलीं आहेत. या धास्तीवर उपाय म्हणून जो मार्ग घरोघर बोलला जातो, तो घड्याळ लावून उपाशी राहण्याचा. चोवीस तासांपैकीं सोळा तास पोट रिकामें ठेवावें व उरलेल्या आठ तासांत काय तें खावें. किंवा एक दिवस जेवावें व एक दिवस लंघन करावें, असे त्याचे प्रकार आहेत. ही विद्या पश्चिमेकडून आली अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु वसई-विरारच्या भूमीपुरतें बोलावयाचें तर, भिंतीवर घड्याळें येण्यापूर्वीं कित्येक शतकें तेथें माणसें वेळ पाहून जेवत व वेळ पाहून उपाशी राहत आलीं आहेत. वजन उतरेल काय, आणि उतरलेलें टिकेल काय, या आजच्या प्रश्नावरही त्या इतिहासाचा प्रकाश पडतो.

वसई व विरार यांच्यामध्यें वसलेलें नालासोपारें आज लोकलगाड्यांच्या गर्दीमुळें सर्वांस ठाऊक आहे. प्राचीन काळीं हेंच शूर्पारक नांवाचें भरभराटीचें बंदर होतें. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्यें येथील 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा टेकाड खणला, तेव्हां आंतून बौद्ध स्तूप आणि त्याच्या गाभ्यांतील दगडी करंडक बाहेर आला. त्याच वर्षीं अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही त्यांना येथें मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा पुढें १९५६ मध्यें जवळच्या भुईगांवीं सांपडला. ज्या चौदा लेखांच्या मालिकेंतील हे तुकडे आहेत, तिचा पहिला लेख राजाच्या मुदपाकखान्याविषयीं आहे. पूर्वीं तेथें रोज लाखों प्राणी मारले जात, आतां ती संख्या दोन मोर व एक हरिण इतक्यावर आणली आहे, असें सम्राटानें त्यांत सांगितलें आहे. भोजनांतील संयम ही राजानें प्रजेस जाहीर करण्याजोगी गोष्ट मानली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

जेथें स्तूप तेथें भिक्षूंचा वावर, आणि जेथें भिक्षू तेथें विनयाचे नियम. माध्यान्ह टळल्यावर अन्न घ्यावयाचें नाहीं, हा त्यांतील एक मुख्य नियम. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर दुपारपासून दुसऱ्या दिवशींच्या सकाळपर्यंतचा हा रोजचा उपवासच. मात्र त्याचें कारण वजन हें नव्हतें. मज्झिमनिकायांत उदायी नांवाचा भिक्षू त्याची हकीकत सांगतो. पूर्वीं भिक्षू रात्रींही भिक्षेस जात. अंधारांत कोणी घाण पाण्याच्या डबक्यांत पडे, कोणाची चोरांशीं गांठ पडे. एकदां भांडीं घासणाऱ्या एका स्त्रीनें विजेच्या लखलखाटांत दारांतील भिक्षू पाहिला, आणि भूतच आलें असें समजून ती किंचाळली. भगवंतांनी प्रथम दुपारचें व मग रात्रींचें भोजन सोडावयास सांगितलें, तेव्हां आरंभीं वाईट वाटलें, अशी प्रांजळ कबुलीही उदायी देतो. एकवेळ जेवल्यानें शरीर निरोगी व हलकें राहतें, असा अनुभव स्वतः बुद्धांनी सांगितल्याचें त्याच ग्रंथांत अन्यत्र आलें आहे.

वजन उतरविण्याची खरी कथा मात्र संयुत्तनिकायांत आहे. कोसलचा राजा पसेनदि द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एके दिवशीं असाच जेवून धापा टाकीत तो बुद्धांच्या दर्शनास आला. त्याची अवस्था पाहून बुद्धांनी मिताहाराचें महत्त्व सांगणारी एक गाथा म्हटली. राजानें आपल्यामागें उभ्या असलेल्या सुदस्सन नांवाच्या तरुणास ती पाठ करावयास लावली, आणि आपण जेवावयास बसूं त्या प्रत्येक वेळीं ती म्हणावी म्हणून त्याला रोज शंभर कार्षापण देण्याचें ठरविलें. पुढें राजाचा आहार हळूहळू कमी होत नाळीभर तांदळावर स्थिर झाला, आणि तो आपल्या सडपातळ देहावरून आनंदानें हात फिरवूं लागला. राजानें एक दिवसही कडकडीत उपवास केला नाहीं; रोजच्या ताटावर मात्र त्यानें कायमचा पहारा बसविला. टिकाऊपणाचें मर्म येथें आहे.

या परिसरांत वेळेचें बंधन इतर धर्मांनींही पाळलें. आगाशीस मुनिसुव्रत स्वामींचें प्रसिद्ध जैन मंदिर आहे. सूर्यास्तानंतर अन्न व पाणी वर्ज्य करण्याचा चौविहार आणि एकदांच जेवण्याचें एकासन हे जैन गृहस्थांचे परिचित नियम. निर्मळ येथें शंकराचार्यांच्या समाधीपाशीं कार्तिक वद्य एकादशीस यात्रा भरते. रमजानांत मुसलमान कुटुंबें पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत रोजा धरतात. १५३४ च्या तहानें गुजरातच्या बहादुरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनी ती जिंकली. मधल्या दोन शतकांत येथें ख्रिस्ती धर्म रुजला आणि त्यासमवेत ईस्टरपूर्वींचा चाळीस दिवसांचा उपवासकाळही. त्यांतील नेमलेल्या उपवासाच्या दिवशीं एकच पूर्ण जेवण घ्यावें, अशी कॅथलिक चाल आहे. वसईंत जन्मलेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें वधस्तंभावर प्राण अर्पिलेले संत गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन संघाचे होते. या संघाच्या नियमांत दर शुक्रवार आणि सर्व संतांच्या सणापासून नाताळपर्यंतचा काळही उपवासाचा सांगितला आहे.

सारांश, धर्म निरनिराळे असले तरी तत्त्व एकच दिसतें. उपवासाची वेळ व्यक्तीच्या लहरीवर नव्हती. ती पंचांगानें, सूर्यानें किंवा संघानें ठरविलेली होती, आणि सारें घर, सारी आळी ती एकत्र पाळीत असे.

परंतु माणसाची जिव्हा मोठी युक्तिबाज. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगाच जन्मास आली नाहीं. आज उपवासास जे पदार्थ हमखास चालतात, त्यांतील बटाटा, रताळें, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्याच्या कंदापासून होतो तें झाड, हीं सारीं मूळचीं अमेरिका खंडांतील. युरोपीय दर्यावर्दी तिकडे गेल्यानंतरच तीं इकडे आलीं. बटाटा हा शब्दच आपण पोर्तुगीजांकडून घेतला. म्हणजे जुन्या स्मृतिकारांना स्वप्नांतही न दिसलेलें अन्न आपल्या सोंवळ्या उपवासाचा आधार होऊन बसलें. वसईची सुकेळी घ्या. राजेळी केळीं वाळवून केलेला हा रुचकर मेवा उपवासास चालतो. पण वाळल्यामुळें थोडक्यांत पुष्कळ साखर पोटांत जाते. तुपांत परतलेली खिचडी आणि वर चार सुकेळ्या, असा उपवास घडला तर वजन वाढल्यास दोष एकादशीचा नव्हे.

त्यांत जेवणाची वेळही बदलली. १९३६ मध्यें विजेवर चालणारी गाडी विरारपर्यंत आली, आणि हा बागाइती प्रदेश मुंबईशीं जखडला गेला. पुढें लोकवस्ती इतकी वाढली कीं २००९ मध्यें वसई-विरार महानगरपालिका स्थापावी लागली. शेतावरून दिवेलागणीस परतणारा माणूस लवकर जेवून निजे. चर्चगेटहून लोंबकळत आलेला नोकरदार मात्र रात्रीं नऊ-दहाला ताटावर बसतो. दिवसभर चहा, बिस्किटें, वडापाव यांवर वेळ निभावलेली असते. जुनी वेळ गेली, अंगमेहनत गेली, आणि भूक तेवढी राहिली.

या परिस्थितींत महाराष्ट्रांत एका विचारानें मोठी लोकप्रियता मिळविली. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेल्या कल्पनेच्या आधारें डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, कडक भूक लागेल तेव्हां, दिवसांतून दोनदांच जेवावें, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आंत संपवावें, मध्यें कांहीं खाऊं नये आणि रोज चालण्याचा व्यायाम करावा, असा प्रचार आरंभिला. वारंवार खाल्ल्यानें इन्शुलिन हा स्राव वारंवार पाझरतो व चरबी साठत राहते, ही त्यामागील भूमिका. गांवोगांव व्याख्यानें झालीं, आणि अनेक घरांत मधल्या वेळच्या खाण्याचे डबे बंद झाले.

शास्त्रीय कसोट्या काय सांगतात? अमेरिकेंत शिकागो येथें शंभर लोकांवर वर्षभर चाललेल्या एका प्रयोगाचा अहवाल २०१७ मध्यें प्रसिद्ध झाला. एक दिवसाआड अत्यल्प खाणाऱ्यांचें वजन सरासरी सहा टक्के उतरलें, रोज थोडें कमी खाणाऱ्यांचें सव्वापांच टक्क्यांच्या आसपास. फरक नगण्य, मात्र दिवसाआड उपवास करणाऱ्यांपैकीं अडतीस टक्के लोक मध्येंच सोडून गेले, दुसऱ्या गटांतील एकोणतीस. चीनमधील ग्वांगझू येथें १३९ स्थूल व्यक्तींना मोजकें अन्न देऊन, त्यांतील निम्म्यांना तें सकाळीं आठ ते दुपारीं चार या वेळांतच घ्यावयास लावलें. २०२२ मध्यें निष्कर्ष आला : वर्षाअखेर वेळ पाळणाऱ्यांचें आठ किलो, इतरांचें सहा किलो तीनशें ग्रॅम वजन घटलें, तज्ज्ञांच्या हिशेबानें हा फरक निर्णायक नव्हे. तात्पर्य, उपवासानें वजन उतरतें. पण तें मुख्यतः एकूण अन्न कमी झाल्यामुळें. घड्याळ हें केवळ कुंपण होय.

उतरलेलें वजन टिकविणें याहून कठीण. २०११ मध्यें ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनी दाखविलें कीं, वजन घटविलेल्या माणसांच्या शरीरांत भूक चेतविणारे स्राव वर्ष उलटलें तरी वाढलेलेच राहतात. शरीराला ही घट संकटासारखी भासते व तें हरवलेली चरबी परत मागतें. चरकाचार्यांनी स्थूल माणसाचा अग्नि तीक्ष्ण असतो, त्याला भूक सोसवत नाहीं, असें शतकांपूर्वींच ओळखलें होतें. म्हणून त्याला निव्वळ उपाशी न ठेवतां, पचावयास जड पण पोषणानें हलकें अन्न, जसें जव, द्यावें, असें त्यांनी सुचविलें. लंघनाच्या दहा प्रकारांत त्यांनी व्यायामही गणला आहे. मधुमेहावर औषध घेणारे, गर्भवती स्त्रिया, वाढत्या वयाचीं मुलें यांनी तर वैद्याच्या सल्ल्यावांचून दीर्घ उपवासाच्या वाटेस जाऊंच नये.

इतिहास आणि प्रयोगशाळा यांची साक्ष अशी जुळते. शूर्पारकाचा भिक्षू, आगाशीचा जैन श्रावक आणि वसईचा ख्रिस्ती शेतकरी यांपैकीं कोणीही काट्यावर उभा राहण्यासाठीं उपाशी राहिला नाहीं. त्यांचा नियम जन्मभर टिकला, कारण भोंवतालचें जग त्यांच्यासह तो पाळीत होतें. आजच्या गृहस्थास संघ नाहीं. पण घर आहे. रात्रींचें जेवण सर्वांनी मिळून शक्य तितकें लवकर उरकणें, उपवासाच्या ताटांत साबुदाण्याऐवजीं ताक व फळ ठेवणें, स्टेशनपासून घरापर्यंत पायीं येणें, या गोष्टी एका माणसाच्या निश्चयानें महिनाभर चालतील. साऱ्या घरानें मनावर घेतल्या तर वर्षानुवर्षें चालतील. पसेनदि राजाला गाथा म्हणावयास पगारी माणूस ठेवावा लागला. घरांत तें काम एकमेकांनी करावयाचें आहे.