तलवाड्याची टेकडी

बालाघाटाच्या रांगांपुढे गेवराई तालुक्यातील तलवाड्याची टेकडी ती काय! काळ्या कातळाचा एक उंचवटा, त्यावर त्वरितादेवीचे मंदिर. १९४८ साली निजामाची सत्ता संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, १९७७ साली आपला औरंगाबाद धर्मप्रांत झाला. भाविक मात्र टेकडी चढतच राहिले. ख्रिस्ती माणसाने तिकडे पाहावे कसे, असे आपल्यातले काहीजण दबक्या आवाजात विचारतात. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली नाकारले नाही. आणि उंचीचेच म्हणाल, तर जैतुनाचा डोंगर यरुशलेमच्या मंदिराच्या टेकडीहून उंच. पण यात्रेकरू स्तोत्रे गात चढत ते त्या ठेंगण्या टेकडीवरच. ते मंदिर रोमनांनी इ. स. ७० मध्ये पाडले. आवाराच्या पश्चिमेकडील भिंतीपाशी यहुदी आजही प्रार्थनेला उभे राहतात.