खानदेशातली शिकारी बंदूक: कोणाच्या हाती, कोणाच्या परवान्याने

आजचा विषय ऐकून काही जणांनी भुवया उंचावल्या. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला बंदुकीचं काय, असं एका श्रोत्याने विचारलंही. आमचं उत्तर असं, की एखादं हत्यार कोणी बाळगावं आणि कोणी बाळगू नये, हा प्रश्न कायद्याचा होण्याआधी न्यायाचा असतो. आणि तो पाहायला धुळे-जळगावसारखी जागा नाही. कारण इथे वाघ होता, भिल्ल होता, साहेब होता आणि शेतकरीही होता. बंदूक मात्र चौघांपैकी एकाच्याच हाती नीट टिकली.

सुरुवात १८१८ पासून करू. पेशवाई बुडाली, खानदेश कंपनीकडे आला. आला तो कसा? गावंच्या गावं ओस, शेतात जंगल माजलेलं, आणि त्या जंगलात वाघ. १८२२ मधल्या तीन महिन्यांचा एक आकडा जुन्या सरकारी कागदांतून पुढे आला आहे: हिंस्र श्वापदांनी ५०० माणसं आणि २०,००० गुरं मारली. आकडा थोडा फुगवलेला असेल असं कोणी म्हणेल, तर म्हणो. पण निम्मा धरला तरी तापीकाठचा कुणबी रात्री खळ्यावर कसा झोपत असेल याची कल्पना येते. त्याच्या आदल्याच वर्षांत, म्हणजे २८ एप्रिल १८१९ ला, मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी अजिंठ्याच्या डोंगरात वाघाच्या मागे होता, आणि त्याला समोरच्या कड्यात लेण्याची कमान दिसली. दहाव्या लेण्यात त्याने आपलं नाव कोरून ठेवलंय. सांगायचा मुद्दा एवढाच, की बाहेरच्या जगाला अजिंठा दिसला तो शिकाऱ्याच्या डोळ्यांनी.

मग १८२५ मध्ये जेम्स आउट्रम आला. वय बावीस. धरणगावला त्याने भिल्ल पलटण उभी केली. जे भिल्ल कालपर्यंत कंपनीशी लढत होते त्यांनाच वर्दी द्यायची, ही कल्पना. ही कल्पना चालली कशी? इतिहासकार पगार सांगतात, माफी सांगतात. ते खरंच आहे. पण आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट होती ती शिकार. आउट्रम भिल्लांबरोबर पायी वाघाच्या मागे जायचा. हत्तीच्या हौद्यात बसून नव्हे, हं! त्याच्या चरित्रात एक गोष्ट येते. वाघ दाट झुडपात दडलेला, जमिनीवरून नेम धरता येईना. तेव्हा भिल्लांनी आपली पागोटी सोडली, एकमेकांना बांधली आणि साहेबाला झाडावरून झुडपाच्या वर लोंबकळत ठेवलं. तिथून त्याने बार टाकला. जो माणूस आपल्या पागोट्याला लटकतो, त्याचा हुकूम ऐकायला जड जात नाही.

१८२५ ते १८३४ या दहा वर्षांत आउट्रम आणि त्याच्या सोबत्यांनी २३५ वाघ मारले. त्यातले १९१ मारले गेले तेव्हा तो स्वतः हजर होता. शिवाय २५ अस्वलं, १२ रानम्हशी, १६ बिबटे. वाघांची, अस्वलांची अशी जातवार गणती आहे. जखमी होऊन निसटलेली जनावरंसुद्धा मोजलेली आहेत. हाकाऱ्यात जखमी झालेल्या माणसांचा रकाना या गणतीत नाही.

आणि बंदूक कसली, तर ठासणीची. नळीत तोंडाकडून दारू ओतायची, गोळी गजाने ठासायची, मग बार. एक बार फुकट गेला की दुसरा भरेपर्यंत वाघ थांबत नाही. म्हणून दोन नळ्या, म्हणून मागे भरलेली दुसरी बंदूक घेऊन उभा राहिलेला माणूस. हा मागचा माणूस बहुतेक इथलाच असायचा. बंदूक त्याच्या हातात, पण ती साहेबाची.

आता एक उडी मारू. १८५७-५८. खाज्या नाईकाने सेंधव्याच्या घाटात सरकारी खजिना लुटला, एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीची लढाई झाली. खाज्या नाईक आधी त्याच घाटाच्या राखणीवर कंपनीच्या चाकरीत होता, हे लक्षात ठेवा. बंड मोडल्यावर देशभर हत्यारं गोळा करण्याचा सपाटा लागला, आणि १८७८ मध्ये लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनाला सूट. १८८७ च्या मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव झाला. आज आपल्याला वाटतं, काँग्रेसला बंदुकीचं काय घेणं? पण त्या पिढीला त्यातला अपमान कळत होता. वाघ, रानडुक्कर येणार माझ्या शेतात, आणि ते मारण्याची लायकी मात्र जन्माने ठरणार.

याच काळात बंदूक मात्र झपाट्याने बदलत होती. काडतूस आलं, बिनधुराची दारू आली. इथे आमच्या आवडीच्या एका रायफलीबद्दल जरा सविस्तर बोलतो. तंत्र कळलं नाही तर पुढचा मुद्दा कळणार नाही.

अमेरिकेत जॉन ब्राउनिंग नावाच्या कारागिराने विंचेस्टर कंपनीसाठी १८९५ चं मॉडेल रचलं. चापाभोवतीची लोखंडी कडी हाच तिचा दांडा. कडी खाली-पुढे ढकलली की रिकामं काडतूस बाहेर, मागे ओढली की नवं आत. पेटीत चार काडतुसं, नळीत एक. १९०४ मध्ये तिच्यासाठी ४०५ नावाचं जाड काडतूस निघालं. वजन सुमारे पावणेचार किलो. इंग्लंडची वाघा-हत्तीची दुनळी रायफल पाच किलोच्या घरात, हाताने घडवलेली आणि किंमत अशी की राजानेच घ्यावी किंवा राज्यपालाने. विंचेस्टर कारखान्यात यंत्रावर व्हायची, म्हणून स्वस्त. थिओडोर रूझवेल्टने १९०९ मध्ये ती आफ्रिकेत सिंहांवर वापरली. आपल्याकडे बंगळुरूचा केनेथ अँडरसन आयुष्यभर हीच घेऊन नरभक्षकांच्या मागे फिरला. म्हणजे ती पगारदार माणसाची रायफल.

पण हलकेपणा फुकट मिळत नाही. हिशोब सोपा आहे. गोळीचं वजन साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला सुमारे ६७० मीटर. गोळी जेवढा जोर पुढे नेते तेवढाच रायफलीला मागे येतो. दारूचा धक्का सोडून दिला तरी पावणेचार किलोची रायफल सेकंदाला साडेतीन मीटर वेगाने खांद्यात घुसते. पाच किलोची असती तर अडीचच्या थोडी वर. शिवाय दस्त्याच्या टोकाला अरुंद लोखंडी पट्टी. चार बार काढले की खांदा काळानिळा. ज्याला दिवसभर नाल्याखोऱ्यांतून पायी हिंडायचंय त्याला हलकी हवी. ज्याची बंदूक मागून दुसरा माणूस वाहतो त्याला जड परवडते. बघा, रायफलीच्या वजनातही वर्ग दिसतो.

आणि परवाना? १९०७ च्या सुमारास सरकारने ४५० बोअरच्या रायफली हिंदुस्थानात आणायला बंदी केली. वाघांची दया आली म्हणून नव्हे. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलीची गोळीही ४५० ची. शिकाऱ्याची काडतुसं बंडखोरांच्या हाती पडली तर त्या गोळ्या लष्करी बंदुकीतून सुटतील, ही भीती. मग लंडनच्या बंदूकवाल्यांनी काय केलं? ४६५, ४७०, ४७५ अशी नवी मापं काढली! वाघाला ४५० आणि ४७० मधला फरक काय कळणार? फरक सरकारला कळत होता. ४०५ या बंदीत सापडलीच नाही. म्हणजे शिकारी बंदुकीचं माप जनावराच्या कातडीवरून कमी आणि प्रजेच्या भीतीवरून जास्त ठरलं. आमच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातली ही सगळ्यात बोलकी नोंद.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. गोऱ्या-काळ्याचा भेद गेला, परवान्याची चौकट राहिली. त्यातल्या कलम १३ मध्ये एक गोष्ट आहे, वकील मंडळी सोडली तर फारशी कोणी वाचत नाही. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी नळीच्या तोंडाकडून भरायची बंदूक, म्हणजे आपली ठासणीचीच, हिच्या परवान्याची तिथे वेगळी सोय आहे. आउट्रमच्या काळातलं हत्यार विसाव्या शतकाच्या कायद्यात शेतकऱ्यासाठी जपून ठेवलेलं! आम्ही हे टिंगलीने म्हणत नाही. ठासणीची बंदूक दरोड्याला निरुपयोगी, असा त्यामागे विचार असणार, आणि तो चुकीचा नाही. पण रावेर-यावलच्या केळीत डुकरांचा कळप शिरतो तेव्हा एक बार काढून मग गजाने ठासत बसणं म्हणजे काय, ते त्या शेतकऱ्याला विचारा.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा शौक कायद्याने संपला. आमच्या मते चांगलं झालं. २३५ च्या गणतीनंतर आणि पुढच्या शंभर वर्षांनंतर खानदेशात वाघ उरले ते सातपुड्याच्या कुशीत आणि मुक्ताईनगरकडच्या वढोद्याच्या रानात. केळीच्या बागेत वाघीण पिलं घेऊन आल्याच्या बातम्या तिकडून येतात. तिथल्या माणसांनी वाघाला बरंच सोसलंय. सातपुड्यात वाघबारसेला वाघदेव पुजतात. त्यात भीती आहे, आदर आहे, आणि एक प्रकारचा करारही आहे: तू तुझ्या हद्दीत, आम्ही आमच्या.

पण रानडुक्कर आणि नीलगाय यांच्याशी असा करार कोणी केलेला नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला, की पिकाचं नुकसान करणारं डुक्कर किंवा नीलगाय मारायला वनाधिकाऱ्याची परवानगी मिळेल. छान. पण गोळी झाडायची कोणी? ज्याच्याकडे परवान्याची बंदूक आहे त्याने. म्हणजे पुन्हा तोच जुना प्रश्न, फक्त साहेबाच्या जागी आता गावातला एखादा परवानाधारक. ज्याच्याकडे परवाना नाही तो कुंपणात वीज सोडतो, आणि त्या तारेला कधी डुक्कर, कधी बिबट्या, कधी रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी चिकटतो.

मघाशी चहाच्या वेळी एका तरुण मित्राने विचारलं, सर, म्हणजे तुम्ही सगळ्यांना बंदुका द्या म्हणता का? नाही. घरोघर बंदूक आली की पहिला बार डुकरावर पडेल याची खात्री कोणी देऊ नये. आमचं म्हणणं वेगळं आहे. वाघ आणि नीलगाय वाचवणं हा साऱ्या देशाचा निर्णय असेल, तर त्याची किंमत साऱ्या देशाने द्यावी. ती एकट्या चोपडा-शिरपूरच्या शेतकऱ्याने उभ्या मक्यातून का द्यायची? नुकसानभरपाई ही मेहेरबानी नाही, ते त्याचं येणं आहे. पंचनामा वेळेवर व्हावा, पैसे पुढच्या पेरणीच्या आत हातात पडावेत, आणि मारणं अटळ असेल तिथे ते काम सरकारने आपल्या प्रशिक्षित माणसांकडून करून घ्यावं.

जाता जाता एक सांगतो. जळगाव जिल्ह्यातल्याच वरणगावच्या आयुध कारखान्यात बंदुकीच्या गोळ्या तयार होतात, सैन्यासाठी. भुसावळहून त्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना शेतं लागतात. हरभरा भरात आला की रात्री तिथे माणसं डबे वाजवत जागतात.