लक्ष्मीची तसबीर आणि तिचा कागद

लक्ष्मीपूजनाला आपण ज्या तसबिरीपुढे पणती लावतो, तिच्यातील देवी आपल्या घरी आली कशी, हा प्रश्न सहसा कुणी विचारीत नाही. कमळावर उभी असलेली ती चतुर्भुज लक्ष्मी राजा रविवर्मा यांच्या कुंचल्यातून उतरली, आणि त्यांच्या छापखान्याने तिला घरोघर पोहोचविले. हा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला.

त्या काळी प्रत्येक रंगासाठी निराळा शिळाछापाचा दगड लागे. एकच कागद अनेकदा दाबाखालून जाई. तो मध्येच आक्रसला वा ताणला गेला, की साडीचा रंग काठाबाहेर सांडलाच! म्हणून न हलणारा कागद हीच कारागिरांची पहिली मागणी असे.

आमच्या धारणीच्या घरी आजीच्या वेळची अशी एक लक्ष्मी आहे. मेळघाटातला पावसाळा कागदाला मानवत नाही. ओल येते, मागून कसर लागते. पाठीमागच्या लाकडी फळीतील आम्लाने कागद तपकिरी, ठिसूळ झाला. तेव्हा अमरावतीस नेऊन मी तिची छबी टिपविली आणि इंकजेट यंत्रावर प्रत काढावयाचे ठरविले.

येथे कागदाकडून मागणी वेगळी. सगळे रंग एकाच फेरीत, सूक्ष्म थेंबांनी पडतात. साध्या कागदावर ते तंतूंतून पसरतात. थेंब पडेल तिथेच धरून ठेवणारा लेप हवा. चकचकीत कागदावर रंग उठून दिसले, पण पणतीच्या उजेडात देवीचा चेहराच दिसेना. फार शुभ्र कागदात उजळपणाची रसायने असतात. ती विरली की पांढरा रंग पिवळसर वाटू लागतो. लाकडाच्या लगद्यातील लिग्निन उजेडाने पिवळे पडते. शेवटी कापसाच्या लगद्याचा, आम्लरहित, बिनचकाकीचा कागद आणि विरघळणाऱ्या रंगाऐवजी रंगकणांची शाई घेतली. वऱ्हाडच्या माणसाला कापूस परका थोडाच!

घरात वाद झाला: नकलेची पूजा करावी का? मी एवढेच म्हणालो, आजीची लक्ष्मीही छापलेलीच होती. हजारो प्रती निघाल्या म्हणून तर ती या डोंगरात आली. यंदा नवी तसबीर चौरंगावर बसेल. काचेला कागद चिकटू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची चौकट घातली आहे. जुनी मात्र आम्लरहित कागदात गुंडाळून, कोरड्या पेटीत ठेवली आहे. पुढच्या पिढीला प्रत काढावीशी वाटली, तर मूळ हाताशी असावे.