तिसऱ्या भागाचं दुखणं

सुपरहिरोंचे तिसरे चित्रपट बरेचदा का फसतात, हे आपण ‘स्पायडर-मॅन’वरून पाहू. २००२च्या पहिल्या भागातला प्रश्न : अंगी आलेल्या शक्तीचं करायचं काय? २००४च्या दुसऱ्यातला : तिच्यापायी स्वतःचं आयुष्य घालवायचं का? दोन्हींची उत्तरं मिळाली. मग २००७मध्ये उरलं काय? सँडमॅन, नवा गॉब्लिन, व्हेनम असे तीन खलनायक! त्यातला व्हेनम दिग्दर्शक सॅम रेमींना मनापासून नकोच होता. निर्माते अवी अराद यांच्या आग्रहानं तो आला. गल्ला भरला, म्हणून दुखणं झाकलं गेलं, इतकंच. उलट २०१७चा ‘लोगन’ पाहा. वुल्व्हरिनचा तोही तिसराच स्वतंत्र चित्रपट, पण टिकला. कारण त्यानं नवा प्रश्न विचारला : ज्याच्या जखमा आपोआप भरून येतात, त्याचंच शरीर थकलं तर? गोष्टीत प्रश्न उरला नाही, की पात्रांची गर्दी होते, असं आम्हांला वाटतं.