६५ अंशांची राखण : खडकीची ब्रूअरी, अबकारी कायदा आणि घरगुती बिअरचे यंत्र

चाकण-तळेगाव रस्त्यावरील महाळुंगे हे आज शेतीपेक्षा कारखान्यांसाठी ओळखले जाणारे गाव. स्टेनलेस स्टीलची टाकी, गरम द्रव फिरवणारा छोटा पंप, नळीत बसणारा विजेचा हीटर आणि ठरवलेले तापमान राखणारा कंट्रोलर या वस्तू या औद्योगिक पट्ट्यात कोणालाही नवलाच्या वाटत नाहीत. या चार वस्तू विशिष्ट क्रमाने जोडल्या, की घरच्या घरी बिअर तयार करण्याचे एक आधुनिक यंत्र उभे राहते. आणि परवान्याशिवाय, त्याच हेतूने ते बाळगले, तर महाराष्ट्रात तो गुन्हा ठरतो.

सुटे भाग हाताशी आणि यंत्र निषिद्ध, ही स्थिती कशी आली? त्यासाठी आधी यंत्र समजून घ्यावे लागेल.

बिअरचा आरंभ मोडापासून होतो. सातू, म्हणजे जव, भिजवून त्याला मोड आणायचे आणि मग ते धान्य वाळवून भाजायचे. यालाच माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात अशी विकरे तयार होतात, जी पिष्टाचे तुकडे करून त्याची साखर बनवतात. मराठी घरांना ही क्रिया अपरिचित नाही. मोड आणलेल्या नाचणीच्या सत्त्वाची पेज साध्या पिठाच्या पेजेहून पातळ राहते, त्याचे कारण हेच. फ्रान्समध्ये पायेन आणि पेर्सो या रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ मध्ये माल्टमधून हा पदार्थ वेगळा काढून त्याला ‘डायस्टेस’ असे नाव दिले.

भरडलेले माल्ट गरम पाण्यात मिसळले की त्या मिश्रणाला ‘मॅश’ म्हणतात. सारी कसोटी इथे लागते. साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला एक विकर जोमाने काम करते आणि यीस्टला सहज पचणारी साखर तयार होते. बिअर हलकी, कोरडी उतरते. ७० अंशांच्या आसपास दुसरे विकर वरचढ ठरते आणि यीस्टला न पचणारे घटक अधिक राहतात. बिअर दाट, भरीव लागते. ७७-७८ अंशांना दोन्हींचे काम जवळपास थांबते. म्हणजे चार-पाच अंशांच्या फरकाने पेयाचा स्वभावच बदलतो, आणि हे तापमान तासभर राखावे लागते.

मोठ्या ब्रूअरीला ही राखण फारशी अवघड नव्हती. इंग्लंडमधील प्रचंड लाकडी पिंपांत हजारो लिटर मॅश असे. वस्तुमान अफाट आणि त्या मानाने पृष्ठभाग लहान, त्यामुळे ती उष्णता स्वतःच धरून ठेवी. पाच किलो माल्ट आणि पंधरा लिटर पाणी असलेले घरातील पातेले मात्र झपाट्याने निवते. खालून जाळ द्यावा, तर तळ करपतो आणि वरचा थर थंडच राहतो.

यावरचा उपाय म्हणजे फिरता मॅश. धान्याच्या थराखालील जाळीतून गोड द्रव पंपाने ओढायचा, हीटर बसवलेल्या नळीतून नेऊन पुन्हा धान्यावर सोडायचा. तापमापक कंट्रोलरला खबर देतो आणि कंट्रोलर हीटर चालू-बंद करतो. पाच किलो माल्ट आणि पंधरा लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यास सुमारे ७० किलोज्यूल उष्णता लागते. दोन किलोवॅटचा हीटर ते काम अर्ध्या मिनिटाहून थोड्या अधिक वेळात करतो. शिवाय धान्याचा थर गाळणीचे काम करतो आणि द्रव नितळ होत जातो. पंप मात्र आवरता हवा. जोर जास्त झाला तर धान्य जाळीवर दाबून बसते, प्रवाह अडतो आणि नळीत अडकलेला द्रव हीटरवर करपतो. म्हणून काही जण द्रव थेट हीटरजवळ न नेता गरम पाण्यात बुडवलेल्या नळीच्या वेटोळ्यातून फिरवतात. ही रचना अधिक सौम्य, पण प्रतिसादाला मंद.

कंट्रोलरपूर्वी काय होते? अठराव्या शतकापर्यंत इंग्लंडमधील ब्रूअर उकळते पाणी निवू देई आणि वाफ विरळ होऊन पाण्यात आपला चेहरा दिसू लागला, की माल्ट घाली. जर्मन ब्रूअरांची युक्ती याहून पक्की होती. मॅशचा ठरावीक हिस्सा काढून उकळायचा आणि परत मिसळायचा. प्रमाण पाळले की तापमान आपोआप हवे तितकेच चढे. लंडनच्या मायकेल कॉम्ब्रून यांनी १७५८ मध्ये ब्रूइंगवर पुस्तिका लिहून तापमापकाचा आग्रह धरला, पण जुन्या मंडळींना ते उपकरण पसंत नव्हते. जेम्स बॅव्हरस्टॉक या तरुण ब्रूअरला तापमापकाचे प्रयोग आपल्या वडिलांपासून लपून करावे लागले, असे सांगतात. धंद्यात मुरलेल्या माणसाला काचेच्या नळीने अक्कल शिकवावी, हे कुठल्याही काळात जड जाणारच.

भारतात मद्याची परंपरा जुनी, पण तिची वाट वेगळी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात ‘मेदक’ नावाच्या तांदळाच्या मद्याची कृती येते : एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. किण्व म्हणजे आंबवण. पूर्व भारतात आजही तांदळाच्या मद्यासाठी ‘बाखर’ नावाच्या आंबवणाच्या गोळ्या वापरतात. त्यांतील बुरशी पिष्टाची साखर करते आणि यीस्ट त्या साखरेचे मद्य करते. दोन्ही कामे साध्या हवामानात एकाच मडक्यात होतात. ६५ अंशांची राखण त्या मडक्याला कधी लागलीच नाही.

याच अध्यायात एक नियम आहे आणि आपल्या विषयासाठी तो फार मोलाचा आहे. कौटिल्याचे राज्य मद्यावर कडक नियंत्रण ठेवते, कर घेते, दंड करते. तरीही कुटुंबवत्सल गृहस्थांना सणासमारंभासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मोकळीक देते; उत्सव आणि यात्रांच्या वेळी चार दिवसांची मुभा वेगळी. इतक्या संशयी राज्यशास्त्रानेही घरातील मडक्यासाठी जागा ठेवली होती.

ती जागा पुढे कशी नाहीशी झाली, याचा शोध एकोणिसाव्या शतकात घ्यावा लागतो, आणि तिथे गोऱ्या सैनिकाची तहान समोर येते. इंग्लंडहून पिंपे भरून बिअर मुंबईत उतरे, पण समुद्रप्रवास लांब आणि महाग. एडवर्ड डायर यांनी १८५५ मध्ये कसौलीला ब्रूअरी उभारली. आंबवण्यासाठी थंडी हवी, म्हणून आधी डोंगर निवडले गेले. १८८७ मध्ये बर्टन-ऑन-ट्रेंट या इंग्रज बिअरनगरीतील घराण्यातून आलेले एच. जी. मीकिन यांनी डायर यांच्या सिमला व कसौली येथील ब्रूअऱ्या विकत घेतल्या आणि पुढे आणखी काही उभारल्या : राणीखेत, डलहौसी, चक्राता, दार्जिलिंग आणि खडकी.

या यादीत खडकी खटकते. बाकी सारी थंड हवेची ठिकाणे. खडकी दख्खनच्या पठारावर, मुळेकाठी. पण १८१७ मध्ये जिथे पेशवाईच्या अखेरच्या पर्वातील लढाई झाली, तिथे नंतर मोठी लष्करी छावणी वसली होती, दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून होता, आणि मुंबईला जाणारा लोहमार्ग दारातून जात होता. कृत्रिम थंडी देणारी यंत्रे १८७० च्या दशकातच युरोपीय ब्रूअऱ्यांत आली होती. हवा अनुकूल नसली तरी गिऱ्हाईक अनुकूल होते. आजच्या पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर माल्टचा मॅश शिजवणारा हा कारखाना आला, तो असा.

त्याच काळात याच मुलखातील गरिबाची भट्टी विझत होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचे काम गावोगावच्या भट्ट्यांतून काढून सरकारी देखरेखीच्या मोठ्या केंद्रांकडे नेले. ताडीसाठी झाडागणिक कर बसला. १८९२ च्या मोहफुलांविषयीच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले वेचण्या-बाळगण्यावरच बंधने आली. आदिवासी घरात मोहाची फुले सणाला लागत, तशीच टंचाईत पोटालाही लागत. कायद्याला मात्र त्यांत बुडणारा महसूल तेवढा दिसला.

इथे एक गल्लत टाळली पाहिजे. दारूला झालेला देशी विरोध खरा होता आणि सकारण होता. १८८० मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे लेखी हरकत घेतली. १९०८ मध्ये टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात दुकानांपुढे निदर्शने केली. रोख होता तो सरकारच्या तिजोरीसाठी चालणाऱ्या गुत्त्यांवर. स्वातंत्र्यानंतर मात्र १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला आणि त्याने गुत्ता, कारखाना आणि घरातील मडके यांना एकाच जाळ्यात घेतले. मद्य तयार करण्यासाठी बाळगलेली भांडी व उपकरणेही त्याच्या कक्षेत आली. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी व प्रसाधन द्रव्यांसंबंधीची काही कलमे रद्द केली. कायद्याचा गाभा टिकला. पुढे बंदी सैल झाली, दुकाने आली, परवाने आले. अधिनियम नाव बदलून आजही लागू आहे आणि घरापुरती बिअर करण्याची सर्वसाधारण मुभा त्यात नाही.

हा कायदा ज्या साम्राज्याच्या अबकारी व्यवस्थेतून वाढला, त्याच्या मायदेशात वेगळे घडले. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरगुती बिअरला परवाना लागे. १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढली. अमेरिकेत अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये घरगुती बिअरवरील संघराज्याचा कर हटवणाऱ्या विधेयकावर सही केली. पाठोपाठ गॅरेजमधील प्रयोगांना ऊत आला आणि १९८० च्या दशकात रॉडनी मॉरिस या अमेरिकी हौशी ब्रूअरने पंप, हीटर आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण जोडून फिरत्या मॅशची रचना छांदिष्टांपुढे मांडली. उपकरणाचा शोध तिथे लागला, जिथे ते उघडपणे टेबलावर मांडता येत होते.

३१ मार्च २००९ रोजी चाकणला फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी पुण्यात कॉरिंथियन्स क्लबमध्ये ‘डूलाली’ ही छोटी ब्रूअरी सुरू झाली. तिचा ब्रूअर ऑलिव्हर शाउफ जर्मन. नाव मात्र आपल्याच नाशिकजवळच्या देवळालीचे. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत सैनिक महिनोन्‌महिने कंटाळून जात, आणि त्यावरून इंग्रजीत वेड लागलेल्या माणसाला ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले. त्यातला ‘टॅप’ हा आपला ताप.

परवानाधारक ब्रूअरीत आज मॅशचे तापमान पडद्यावर दिसते. तोच कंट्रोलर महाळुंग्याच्या पट्ट्यात साचे तापवतो. आणि घराघरांत नाचणीला मोड येतात, सत्त्व दळले जाते, अंबील आंबते. त्या मडक्याला अजून कोणी परवाना विचारलेला नाही.