हत्तीपाय आणि साबण-पाणी

सुश्रुताने ज्याला 'श्लीपद' म्हटले, अरबी हकिमांनी 'दाउल-फील' आणि उर्दूने 'फीलपा', तोच आपला हत्तीपाय. 'फील' म्हणजे हत्ती. 'फायलेरिया' हा शब्द मात्र हत्तीवरून नाही, तर लॅटिनमधल्या धाग्यावरून आला.

ते धागे, म्हणजे सूक्ष्म कृमी, माणसाच्या रक्तात टिमथी लुइस यांना कोलकात्यात १८७२ मध्ये दिसले. १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी ते डासाच्या शरीरात वाढताना पाहिले. रोगाची वाट सापडू लागली. भारतात १९५५ पासून सरकारी मोहीमही सुरू झाली.

पण ज्याचा पाय आधीच सुजला, त्याचे काय? गोळ्या रक्तातले कृमी मारतात. निकामी झालेल्या लसिकावाहिन्या त्यांनी पूर्ववत होत नाहीत. रोगी धोतराआड, लुगड्याआड पाय लपवत राहिला.

१९९० च्या दशकात ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात डॉ. जेरुसा ड्रेयर यांनी दाखवले, की अशा पायाला वारंवार येणारा ताप-ठणका बहुधा बोटांच्या बेचक्यांतल्या भेगांतून शिरणाऱ्या जिवाणूंमुळे येतो. उपाय घरातलाच निघाला: रोज साबण-पाण्याने पाय धुवावा, बेचक्या हलक्या हाताने कोरड्या कराव्यात, भेगांना मलम लावावे, बसता-झोपता पाय उंच ठेवावा, घोटा हलवत राहावा. पाय पहिल्यासारखा होत नाही, पण दुखण्याचे झटके कमी होतात, सूज वाढायची थांबते.

मंडळी, गडचिरोली-चंद्रपूरकडे असे पाय आजही आहेत. आणि पाय लपवून धुता येत नाही.