सायकॉलॉजी शिकून पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की दवाखान्यात हा प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मुलगी सायकॉलॉजी घ्यायची म्हणतेय. म्हणजे ती मनाची डॉक्टर होणार का?" नाही. का नाही, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

मानसशास्त्र पूर्वी तत्त्वज्ञानाचाच एक भाग म्हणून शिकवत. 1879 साली जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात विल्हेल्म वुंट यांनी त्याची प्रयोगशाळा काढली. वुंट वैद्यकीय शिक्षण घेतलेले होते, पण तिथे रुग्ण तपासत नसत. आवाज ऐकल्यावर माणूस किती वेळात प्रतिसाद देतो, अशी मोजमापे चालत. हीच परंपरा 1915-16 च्या सुमारास कलकत्ता विद्यापीठात आली. तिथल्या नव्या विभागाचे प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्ता हार्वर्डला शिकून आले होते. थोडक्यात, आपल्याकडे हा विषय आला तो प्रयोगशाळेच्या दारातून, इस्पितळाच्या नव्हे.

इस्पितळाशी त्याची गाठ घातली एका डॉक्टरांनी. गिरींद्रशेखर बोस कलकत्त्यात प्रॅक्टिस करत होते. चालती प्रॅक्टिस असताना ते या नव्या विभागात विद्यार्थी म्हणून बसले आणि 1917 साली, तिशीत, पदव्युत्तर पदवीधर झाले. (आमच्यातल्या किती जणांना हे जमेल, मला शंका आहे!) 1921 साली त्यांनी दडपलेल्या इच्छांवर प्रबंध लिहिला. भारतातली या विषयातली ती पहिली डॉक्टरेट मानतात. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता, पण सगळे मुकाट्याने मान्य करणाऱ्यांपैकी ते नव्हते. मला मात्र त्यांचे 1933 चे काम जास्त मोलाचे वाटते. त्या वर्षी कारमायकेल मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात त्यांनी मानसिक रुग्णांसाठी ओपीडी सुरू केली. रुग्णाला वेड्यांच्या इस्पितळाची पायरी चढावी लागेना. खोकला-तापाच्या रुग्णांसारखाच केसपेपर काढायचा आणि बाकावर बसायचे.

तरीही मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला रुग्णांबरोबर पद्धतशीर प्रशिक्षण मिळायला आणखी वीस वर्षे गेली. बंगळूरला 1954 साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, आजचे निम्हान्स. पुढच्याच वर्षी तिथे पदव्युत्तरांसाठी असा अभ्यासक्रम सुरू झाला.

म्हणून आजही बी.ए., एम.ए. केल्यावर शाळेत, कंपनीच्या मनुष्यबळ विभागात, समुपदेशनात किंवा संशोधनात वाट मिळते. मानसिक आजारांवर उपचार करणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे, तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले, रुग्णांसोबतचे प्रशिक्षण आणि परिषदेकडे नोंदणी हवी. औषध लिहिणारा मानसोपचारतज्ज्ञ वेगळा. तो आधी एमबीबीएस होतो.

मुलीला उपचारांकडे जायचे असेल, तर मान्यताप्राप्त प्रशिक्षणाच्या जागा थोड्या असतात आणि प्रवेशपरीक्षा चुरशीची. चौकशी बी.ए.च्या पहिल्या वर्षापासूनच सुरू करा.